तुतीच्या काड्यांचा कागद : कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

रेशमाच्या अळ्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत आल्यात. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा तुतीच्या फांद्या टाकायच्या. दोनशे अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) बॅच आहे, शेडमधला पानं खाण्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येतो. पानं संपली की मागे नुसत्या काड्या उरतात. दर बॅचला ट्रॉलीभर निघतात. निम्म्या खतात जातात, निम्म्या चुलीत.

आज खालच्या रॅकवरचा कचरा काढताना अंथरलेलं वर्तमानपत्र हाताला लागलं. खाली कागद, कागदावर तुती, तुतीवर अळी. पांढरी तुती मूळची चीनची. अळी पाळून धागा काढायची विद्याही तिथलीच. चीनच्या चेच्यांग प्रांतात, हूचौजवळ, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या रेशमी कापडाचे तुकडे सापडलेत. आणि कागदही तिथलाच, तोसुद्धा याच धाग्याशी बांधलेला. कागदासाठी चिनी लिपीत जे अक्षर आहे, त्याचा डावा अर्धा भाग म्हणजे रेशमाच्या धाग्याची खूण. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेडमध्येच बसले होते, आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नाही. टाकाऊ कोषांचं रेशीम पाण्यात धुताना चटईवर त्याचा पातळ पापुद्रा उरायचा, त्यावरूनच कागदाची कल्पना सुचली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

तर ठरवलंय. या बॅचच्या काड्या जाळायच्या नाहीत. त्यांच्या सालीचा कागद करायचा, जुन्या चिनी पद्धतीनं. काय केलं, किती वजन, काय बिघडलं, सगळं इथे लिहीत जाईन.

२० नोव्हेंबर

सकाळी मतदान करून आले. बटण यंत्राचं, पण मत बरोबर पडल्याची खात्री पटली ती काचेमागं सात सेकंद दिसलेल्या चिठ्ठीनं. शेवटी कागदच.

दुपारच्या फांद्या टाकून झाल्यावर सालीचं काम. काडी ताजी असेपर्यंत साल सुटते. बुडाशी नखानं उचकटायची आणि एका दमात शेंड्यापर्यंत ओढायची, वेणीच्या रिबिनीसारखी लांब पट्टी निघते. कालच्या वाळलेल्या काड्यांची साल मात्र तुकड्या-तुकड्यांनीच आली, त्या सोडून दिल्या. ३० किलो काड्यांची ५ किलो ओली साल निघाली. वरचा तपकिरी-हिरवा पापुद्रा विळीच्या पाठीनं खरवडून काढायचा, आपल्याला हवा तो आतला पांढरा भाग. खरवडायला ओंकार (पुतण्या, दहावीत आहे) आणि नणंद सुनीता दोघं बसले. सुनीता बाळंतपणाला आलीय, सातवा संपलाय, तिला बसून करायचं काम हवंच होतं.

खरवडता खरवडता त्यांना त्साय लुनची गोष्ट सांगितली. पूर्वेकडच्या हान घराण्याच्या दरबारात, लोयांगला, हा माणूस राजाच्या कारखान्यांचा प्रमुख होता. तोपर्यंत लिहायचं ते बांबूच्या पट्ट्यांवर नाहीतर रेशमी कापडावर. बांबू जड, रेशीम महाग. इसवी सन १०५ मध्ये त्यानं बादशहापुढे झाडाची साल, तागाचे तुकडे, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी यांच्यापासून केलेला कागद ठेवला. कागद त्याच्या आधीही होता. कान्सू प्रांतात फांगमाथान इथे १९८६ मध्ये एका कबरीत कागदावर काढलेल्या नकाशाचा तुकडा मिळाला, तो त्याच्याही अडीच-तीनशे वर्षं जुना. पण सांगण्याजोगी गोष्ट मला त्या यादीतच दिसते. त्यातली एकही वस्तू विकत आणायची नाही. सगळं टाकून दिलेलं.

“म्हणजे काड्याच,” सुनीता म्हणाली. हो, काड्याच.

२३ नोव्हेंबर

अळ्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या चटईवर) चढल्या. आता हात मोकळे.

वाळवलेली साल ९०० ग्रॅम भरली. रात्रभर भिजवून सकाळी राखेच्या पाण्यात शिजायला ठेवली. चुलीतली गोवऱ्यांची राख पातेल्यात कालवून, निवळून, वरचं पाणी फडक्यानं गाळून घेतलं. तीन तास उकळलं. साल मऊ झाली, पण ओढली की दोरीसारखी ताठच. चार तासांनीही तेच. लाकडं वाया गेली.

आत्यांनी (सासूबाईंनी) पातेल्यात डोकावून विचारलं, “कशाची राख घेतलीस?”

“चुलीतली. गोवरीची.”

“गोवरीची राख भांडे घासायला अगं. कपडे उकळायला आम्ही पऱ्हाटीचीच घ्यायचो. पाणी बोटाला बुळबुळीत लागाय पाहिजे.”

पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग बांधावर पडलेलाच आहे.

२६ नोव्हेंबर

दोन घमेली पऱ्हाटी-तुराटीची राख. निवळलेलं पाणी चहासारखं पिवळसर आणि बोटांत खरंच साबणासारखं घसरणारं. राखेतला क्षार पाण्यात उतरला की तो सालीतला चिकटपणा आणि लाकूडपणा सोडवून नेतो, धागा मात्र तसाच ठेवतो. चीनमध्येही राख नाहीतर चुनाच वापरायचे. सतराव्या शतकात सुंग यिंगशिंग यांनी आपल्या काळातल्या कारागिरीची सचित्र नोंद करून ठेवलीय. त्यात बांबूचा कागद करताना बांबू शंभर दिवस डबक्यात भिजवायचा आणि मग चुन्याबरोबर आठ दिवस-रात्री शिजवायचा असं दिलंय. आपली साल कोवळी, दोन महिन्यांच्या फांद्यांची. साडेतीन तासांत काम झालं.

झालं हे कसं कळलं: एक पट्टी काढून आडवी ओढली. ती तुटली नाही, फाकली. बोटांमध्ये जाळीसारखी पसरली, कोष सोलताना वरचा कापूस पसरतो तशी. आत्यांना दाखवली. त्यांनी हातात घेतली, आणखी थोडी फाकवली आणि म्हणाल्या, “आता बराबर झालं.”

बोअरच्या पाण्यात सहा वेळा धुतली, पाणी नितळ येईपर्यंत.

३० नोव्हेंबर

कोष जालन्याच्या बाजारात नेले. पैसे खात्यावर जमा होतात. हातात आली ती पावती, आणि ह्यांनी ट्रकवाल्याला दिलेल्या नोटांमधल्या उरलेल्या दोन.

परत येताना गाडीत नोट निरखत बसले. आपली नोट शंभर टक्के कापसाच्या कागदाची असते, म्हणून खिशात भिजली तरी लगदा होत नाही. पण कागदी पैसा ही कल्पनाच मुळात चीनची. सछ्वान प्रांतात लोखंडाची नाणी चालायची. ती इतकी जड की व्यापाऱ्यांनी दहाव्या शतकाच्या शेवटी ठेवीच्या चिठ्ठ्या फिरवायला सुरुवात केली. पुढे सरकारनं ते काम आपल्या हातात घेतलं, १०२३ मध्ये त्यासाठी कचेरी उघडली. कुब्लाई खानाच्या काळात मार्को पोलो तिथं गेला. नोटांचा कागद तुतीच्या सालीचा असतो आणि त्या झाडाची पानं रेशमाचे किडे खातात, हे त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या शेडमधला कचरा कधीकाळी अख्ख्या साम्राज्याचा पैसा होता! मिंग घराण्याची १३७५ची नोट अजून शिल्लक आहे, वहीच्या पानापेक्षा मोठी, राखाडी, तुतीच्याच कागदाची. खोटी नोट करणाऱ्याचं डोकं उडवलं जाईल आणि त्याला पकडून देणाऱ्याला २५० ल्यांग (चिनी वजनाचं माप) चांदी मिळेल, हे त्या नोटेवरच छापलेलं आहे.

भांड्यांच्या दुकानातून ताटाखाली घालायच्या बांबूच्या काड्यांच्या दोन चटया घेतल्या. त्या कशाला हव्यात ते पुढे.

२ डिसेंबर

लगदा. ओंकारचं म्हणणं, मिक्सरमधून काढू. दोन्ही करून बघितलं: २०० ग्रॅम ओली साल मिक्सरमध्ये, २०० ग्रॅम उखळात. मिक्सरचं काम दोन मिनिटांत झालं, उखळाला सव्वा तास लागला आणि खांदे भरून आले. दोन्ही काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून उन्हात धरले. मिक्सरचा लगदा गढूळ दुधासारखा दिसला. उखळाचा धागा-धागा वेगळा, लांब, टोकाशी पिंजारलेला, पाण्यात हळूहळू फिरणारा.

मिक्सर धागा कापतो. मुसळ धागा उलगडतं. कागदाला कापलेला धागा चालतो, पण मग कागद कशाच्या बळावर टिकणार? त्यात डिंक नसतो, खळ नसते. भिजलेले धागे एकमेकांवर पडतात, पाणी निघून जाताना जवळ ओढले जातात आणि वाळले की जिथं जिथं शिवलेत तिथं आपोआप धरून राहतात. धागा जितका लांब आणि जितका पिंजारलेला, तितक्या जास्त जागी तो दुसऱ्याला धरतो.

उरलेली सगळी साल उखळातच. आलटून पालटून तिघांनी. दोन दिवस.

४ डिसेंबर

पहिले कागद.

अळ्यांवर अंडी घालणारी उझी माशी आत येऊ नये म्हणून शेडला लावलेल्या नायलॉन जाळीचा उरलेला तुकडा लाकडी चौकटीवर ठोकला. चौकट वहीच्या दोन पानांएवढी. प्लास्टिकच्या टबात ३० लिटर पाणी आणि अंदाजे १०० ग्रॅम लगदा. चौकट उभी बुडवायची, पाण्याखाली आडवी करायची, सरळ वर उचलायची. पाणी जाळीतून पडतं, वर साय राहते.

जमलं नाही. धागे टबाच्या तळाशी बसतात आणि ढवळलं की गुठळ्या करून येतात. कागद नव्हे, भाकरीसारखं काहीतरी, मध्ये जाड आणि कडेला भोकं. बारा वेळा केलं. बाराही परत टबात.

७ डिसेंबर

गुठळ्यांवर उपाय सापडला, आणि तो परसातच होता.

चिनी आणि जपानी कारागीर टबात झाडाचा बुळबुळीत चीक घालतात. एका ठिकाणी किवीच्या जातीच्या वेलीचा, दुसऱ्या ठिकाणी भेंडीच्या भावकीतल्या एका झाडाच्या मुळांचा. भेंडीच्या भावकीतल्या! मग भेंडीच का नको? गुऱ्हाळावर उसाच्या रसाची मळी काढायला भेंडीची झाडं ठेचून घालतात, हे लहानपणी मामाच्या गावाला रोज बघितलेलं. चार जून झाडं मुळासकट उपटली, ठेचली, बादलीत रात्रभर भिजवली. सकाळी गाळलं. पळीतून सोडलं तर तार धरतं.

दीड लिटर टबात घातलं आणि ढवळलं. पाणी क्षणात बदललं. धागे तळाशी जाईनात, गोळा होईनात. प्रत्येक धागा जिथल्या तिथं तरंगत राहिला. चौकट उचलली तेव्हा पाणी धो-धो न जाता सावकाश झिरपलं, आणि तेवढ्या वेळात मला चौकट पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवता आली. वर उरलेली साय सगळीकडे सारखी. आरपार बघितलं तर ढगाळ आभाळासारखी एकसंध.

सुनीता उठून आली. कुणी काही बोललं नाही. ती साय सुकायला उन्हात ठेवली आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो.

दुपारी अडीच वाजता कोपरा जाळीपासून सुटला. उचलला. कागद.

९ डिसेंबर

एक अडचण. कागद जाळीवरच सुकतो, तोवर चौकट अडकून पडते. माझ्याकडे चौकटी तीन, हिवाळ्यातलं ऊन पाच-सहा तासांचं. दिवसाला फार तर सहा कागद.

सुरुवातीला चीनमध्येही असंच होतं. नेपाळमध्ये आणि चीनच्या पश्चिमेला खोतानमध्ये अजूनही कागद चौकटीवरच सुकवतात. खोतानचा कागद तर तुतीच्याच सालीचा. मग कुणीतरी (नाव कुठेही नोंदलेलं नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते) चौकट आणि जाळी वेगळी केली. बांबूच्या बारीक काड्यांची गुंडाळता येणारी चटई चौकटीवर नुसती ठेवायची. कागद उचलला की चटई सोडवायची, पालथी घालायची, कडेपासून उलगडत उचलायची. ओला कागद खाली राहतो, चटई लगेच पुन्हा पाण्यात. एका चटईवर दिवसाला शेकड्यांनी कागद. कागद स्वस्त झाला तो इथं, असं माझं मत आहे. त्साय लुनला सगळे ओळखतात, पण वह्या, पावत्या, वर्तमानपत्रं दारोदार पोचली ती या सुटणाऱ्या चटईमुळे.

१७९९ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर यांनी हीच जाळी दोन टोकं जोडून पट्ट्यासारखी गोल फिरवली, आणि कागद पानाऐवजी न संपणाऱ्या पट्टीत निघू लागला. आजच्या गिरणीतही फिरत्या जाळीवर पडणाऱ्या पातळ लगद्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असतं. माझ्या टबात आणि त्या गिरणीत फरक वेगाचा आणि आकाराचा.

जालन्याहून आणलेल्या ताटाच्या चटया आज वापरल्या. काड्या जाड आहेत, कागदावर रेघा उमटतात. पण सुटतो! पहिले चार फाटले. पाचवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर अलगद उतरला.

१५ डिसेंबर, रविवार

कागजीपुऱ्याला जाऊन आलो, मी आणि ओंकार. दौलताबादहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली तेव्हा दिल्लीकडून आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांनी हे वसवलं, अशी तिथली परंपरा सांगते. कागदाची विद्या आली ती अशी: चीनमधून समरकंद, तिथून इराण, तिथून दिल्ली, तिथून इथं. याच तुघलकानं पुढे चांदीच्या टंक्याच्या भावानं तांब्या-पितळेची नाणी चालवली. त्यामागं चीनच्या कागदी पैशाचं उदाहरण होतं असं इतिहासकार मानतात. ती टिकली नाहीत, घरोघरी खोटी पाडली गेली. कागद टिकला.

एका घरात काम बघायला मिळालं. चिंध्यांचा लगदा, जमिनीत बांधलेला हौद, काठावर उकिडवं बसून चौकट बुडवणारे एक वयस्क चाचा. माझा कागद त्यांना दाखवला. त्यांनी तो आधी वाजवला, दोन बोटांत धरून झटकला. मग उजेडाकडे धरला. मग कोपरा अगदी सावकाश फाडला आणि फाटलेल्या कडेचे केस निघालेले धागे बघत बसले.

“धागा चांगलाय ताई. हात घाई करतोय. पाणी पूर्ण जाऊ द्या, मग हलवणं बंद.”

एवढंच. पण मी आठवडाभर जे शोधत होते ते हेच. मी साय बसल्यावरही चौकट हलवत होते, म्हणून एका कडेला थर जाड येत होता.

२१ डिसेंबर

६४ कागद. त्यातले ५० चांगले.

दाब द्यायला दोन फळ्या आणि वर धान्याचं पोतं, रात्रभर. सुकवायला शेडची चुन्यानं रंगवलेली भिंत. ओला कागद ब्रशनं भिंतीवर चिकटवायचा, सुकला की कडेनं सोडवायचा. चीनमध्ये आतून तापवलेली भिंत असते, आपल्याकडे दक्षिणेची भिंत दुपारी आपोआप तापते. भिंतीकडची बाजू गुळगुळीत निघते, ब्रशकडची खरखरीत.

रंग बदामी. पांढरा हवा असेल तर आन्ह्वे प्रांतातल्या चिंग परगण्यात करतात तसं करावं लागेल. तिथं श्वान नावाच्या कागदासाठी लागणारी साल आणि भाताचा पेंढा डोंगरउतारावर महिनोन् महिने ऊन-पावसात पसरून ठेवतात. मला हाच रंग आवडला.

२८ डिसेंबर

लिहून बघितलं. बॉलपेन छान चालतं. शाईपेनची शाई फुटते, अक्षराला केस येतात. तांदळाच्या पेजेचा एक हात दिला, थांबलं.

आत्यांना काळजी कसरीची. “खळ लावलीस म्हणजे किडे येतील. हळद लाव.” मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. चीनमधल्या तुन्ह्वांगच्या गुहेत मिळालेल्या बौद्ध पोथ्यांचा कागद पिवळा आहे, कारण किडीपासून जपण्यासाठी तो एका झाडाच्या पिवळ्या सालीच्या रंगात बुडवायचे. त्यातलीच वज्रसूत्राची एक पोथी लाकडी ठशांनी छापलेली, आणि तिच्या शेवटी तारीखही आहे: आपल्या हिशेबानं ११ मे ८६८. तारीख असलेलं यापेक्षा जुनं पूर्ण छापील पुस्तक उपलब्ध नाही. वांग च्ये नावाच्या माणसानं आपल्या आईवडिलांच्या नावे, सगळ्यांना फुकट वाटण्यासाठी ते छापवून घेतलं.

दहा कागदांच्या पेजेत हळद मिसळली. वर्षभर ठेवून बघणार. बाकीचे बिनहळदीचे त्यांच्याच शेजारी.

३ जानेवारी २०२५

सुनीताला पहाटे मुलगी झाली. वजन २ किलो ८००. सातवा संपून आली होती, नववा पुरा व्हायच्या थोडं आधीच. दोघी बऱ्या आहेत. आज काम बंद.

७ जानेवारी

आज पाचवी. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवतात. दरवेळी ओंकारच्या वहीचं पान फाडून ठेवायचो. संध्याकाळी आत्या आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्यातला एक दे. हळदीचा.”

दहातले दोन काढून त्यांच्यापुढे धरले. दोन्ही दिव्याजवळ नेऊन बघितले, ज्याच्या कडेला धागे सुटले होते तो बाजूला ठेवला आणि दुसरा पाटावर ठेवला. वर पेन, शेजारी विळा, हळदीकुंकू. सुनीता अंथरुणावरून बघत होती. म्हणाली, “याची साल मी खरवडलीय.”

८ जानेवारी

सकाळी कागद घडी करून आत्यांनी पाळण्यातल्या दुपट्याखाली सारला.

पुढच्या बॅचची चॉकी (लहान अळ्या) २० तारखेला येतेय. यावेळी साल काडी ताजी असतानाच सोलायची, रोजच्या रोज. पऱ्हाटीची राख वेगळ्या डब्यात साठवायला सुरुवात केली. बारीक काड्यांची चटई विणून देणारा बुरूड बघायचाय, काडी सुईएवढी हवी.